काडी ठेवलेलं शेण

२४ ऑगस्ट १९८२, बेसा

ही डायरी लकडगंजच्या खतवाल्यानं जानेवारीतच दिली होती. सात महिने माझ्या बायकोनं, मनकर्णानं, तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. आज बरणी उतरवली, तेलाचा गोल डाग पुसला आणि लिहायला बसलो. कारण डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे आणि मी सरपंच होणार आहे. झाल्यावर लोक विचारतील, गोपाळराव, हे तुम्हाला सुचलं कसं? तेव्हा तारीखवार दाखवता आलं पाहिजे.

सुचलं ते असं. मनोहरराव बारा वर्षं सरपंच आहे. का, तर त्यानं गावात वीज आणली. आणली म्हणजे चार खांब आणले आणि त्यातला एक बरोबर स्वतःच्या दारात रोवला. वीज कधी येते, कधी जाते, ते त्यालाही ठाऊक नाही. तरी दर निवडणुकीला तो खांबाला हात लावून भाषण करतो आणि निवडून येतो. बारा वर्षांत एकदाही शॉक बसलेला नाही, यावरून विजेची काय अवस्था असेल ते समजावं.

परवा शेतकी प्रदर्शनात मी गोबरगॅस पाहिला. विहिरीसारखा खड्डा, त्यात शेण आणि पाणी, वर पालथी लोखंडी टाकी. आत गॅस साठला की टाकी आपोआप वर उचलली जाते. नळीला काडी लावली की निळी ज्योत. धूर नाही, काजळी नाही, फुंकणी नाही. लोक ज्योत बघत होते, मी नळीवरची चावी बघत होतो. आमच्या गल्लीतली दहा घरं एका नळीवर घेतली तर ती चावी माझ्या गोठ्यात राहील. दहा चुली एका चावीवर! ज्या घराचं मन डळमळीत दिसलं, त्या घराचा चहा अर्धा कच्चा. असं करायची वेळ येणार नाही, पण करता येतं हे लोकांना माहीत असलं की पुरे.

जेवताना मनकर्णाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शेण कोणाचं?"

मी म्हटलं, "शेण गाईचं, बैलाचं. आणखी कोणाचं राहते वं?"

तिनं भाकर वाढली आणि चुलीकडे वळली. बायकांना तांत्रिक गोष्टी समजायला वेळ लागतो.

६ सप्टेंबर

पोळा आटोपला, बैल आणि मजूर दोघेही ताळ्यावर आले. आज लकडगंजहून भैय्याजी आला. हा वेल्डिंगवाला. आजवर अकरा टाक्या केल्या म्हणतो. त्याला जागा दाखवायला आखरावरून नेलं. आखर म्हणजे सकाळी गावची गुरं चरायला निघण्याआधी जमतात ती मोकळी जागा. तिथे जिथे जिथे शेण पडलं होतं, तिथे तिथे वर एकेक तुरीची काडी खोवलेली.

"ये क्या भाऊसाब, शेण के उप्पर झंडा?"

त्याला आमची रीत सांगितली. वस्तीतल्या बायका शेण वेचतात. जिनं आधी काडी ठेवली तिचं ते शेण. मग ती टोपली घेऊन दुपारी आली तरी चालतं, कोणी हात लावत नाही. भैय्याजीला खरं वाटेना. म्हणाला, "हमारे यहां सायकल को कुलूप लगाया तो भी जाती."

मग त्यानं माझी गुरं मोजली. चौदा. म्हणाला, दहा चुलींना साठ जनावरांचं शेण लागेल. "टाकी मतलब पेट है, भाऊसाब. खिलाओगे तो डकार देगी." मी म्हटलं, गावात दीडशे जनावरं आहेत, शेणाची कमतरता कोणत्याच निवडणुकीत पडलेली नाही.

२५ सप्टेंबर

टाकी आली. ट्रक गल्लीत अडकला आणि चार तास तसाच राहिला. अख्ख्या गावानं टाकी पाहिली. याहून चांगला प्रचार मला पैसे टाकून करता आला नसता. मनोहररावही येऊन गेला. "एवढी मोठी कढई कोणाच्या लग्नाची गा?" असं विचारून हसला, पण हसू दातांपुरतंच होतं.

१७ ऑक्टोबर

आजचा दिवस लाल शाईनं लिहायला हवा होता, घरात लाल शाई नाही.

पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा असतो, असं भैय्याजीनं सांगितलं होतं, म्हणून लोकांना बोलावण्याआधी आठ दिवस गुपचूप सोडला. आज बोलावलं. मनकर्णानं काडी ओढली, निळी ज्योत भप्प करून उठली आणि सगळी गल्ली "ओ" म्हणाली. अठ्ठावन्न कप चहा झाला. समोरच्या चंपतरावाची आई, जिजाबाई, तिनं कप नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला. मग पिऊन टाकला आणि म्हणाली, "धूर नाई तं चाय फिक्का लागते." तरी दुसरा मागितला.

अठ्ठावन्न कप म्हणजे अठ्ठावन्न मतं. आमच्या वॉर्डात एकच जागा, मतदार दोनशे छत्तीस. बाकीची मतं नळीबरोबर येतील.

मनकर्णाचे डोळे आज लाल नव्हते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, सकाळी तिचे डोळे पांढरे असतात हे मला आज कळलं.

२० ऑक्टोबर

शेण समिती स्थापन केली. मी अध्यक्ष, चंपतराव उपाध्यक्ष, आणखी तिघं सभासद. पाचांपैकी एकानंही जन्मात शेणाला हात लावलेला नाही, त्यामुळे चर्चा फार मोकळेपणानं झाली. ठराव दोन. एक, गल्लीतल्या सर्व गोठ्यांतलं शेण टाकीत पडेल. दोन, आखरावरचं आणि रस्त्यावरचं शेण ही गावाची संपत्ती असून तेही टाकीत पडेल, परस्पर कोणी वेचू नये. कोतवालाकडून दवंडी दिली. कोतवालानं दोनदा विचारलं, "शेणाची दवंडी? नक्की ना भाऊ?"

चंपतरावाचं महत्त्व इथे लिहून ठेवतो. तो माझा मित्र नाही, पण त्याच्या भावकीत बावीस मतं आहेत.

२७ ऑक्टोबर

दसरा. सगळी वस्ती पहाटेच दीक्षाभूमीला गेली. पांढऱ्या लुगड्यांची रांग बांधावरून जाताना दिसली, पुढे भीमाबाई. वस्तीतल्या शेण वेचणाऱ्या बायका तिचं ऐकतात. नवरा वारला तेव्हापासून ती हेच करते.

संध्याकाळी आखरावर सगळं शेण तसंच पडलेलं. एकावरही काडी नव्हती. समितीला निरोप पाठवला. उपाध्यक्ष सोनं वाटायला गेले होते, एका सभासदाची कंबर धरली होती, उरलेले दोघं म्हणाले की सणाच्या दिवशी नको. मीही नवं धोतर नेसलेलो होतो.

३ नोव्हेंबर

नळ्या टाकून झाल्या. शेवटचं घर चंपतरावाच्या मळ्यातल्या भावाचं. टाकीपासून तीनशे दहा फूट. वस्तीचं पहिलं घर, म्हणजे भीमाबाईचं, भैय्याजीनं टेप लावून पाहिलं. एकशे ऐंशी फूट.

भीमाबाई आज आली. अंगणात उभी राहिली.

"गोपाळभाऊ, काडी ठेवली का शेण आपलं, हे माह्या आजीपासून चालू हाय. आता दवंडी देऊन राहिले का वेचू नका. आमी चूल कशावर पेटवाची?"

मी तिला विज्ञान सांगितलं. शेण जाळणं म्हणजे खत जाळणं, देशाचं नुकसान. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बरं. मंग नळी आमच्याकडं येते का? शेण आमी वेचून टाकतो टाकीत. रोज. आमाले काय, धूर थोडाच गोड लागते."

सौदा वाईट नव्हता, हे कबूल करतो. वस्तीतली पन्नासेक मतं आणि वेचणारे हात फुकट. पण सकाळीच चंपतराव बसून गेला होता. त्याचं म्हणणं, नळी तिकडं गेली तर तो या नळीवरचा चहा घेणार नाही. "तिकडून कोणी फुंकलं तं इकडं येते ना गा." मी विचारलं, मग त्यांनी वेचलेलं शेण चालतं का? तो म्हणाला, शेणाले काय, शेण पवित्रच राहते.

मी जातपात मानत नाही. हे मी भाषणातही सांगतो. पण बावीस मतं मानतो.

दाब कमी पडतो, गॅस तिथवर पोचत नाही, असं सांगितलं. भीमाबाईनं टाकीकडे पाहिलं, चंपतरावाच्या घराकडे पाहिलं, आणि गेली. समजूतदार बाई आहे, वाद घातला नाही.

९ नोव्हेंबर

गॅसचा मोठा फायदा कोणी लिहून ठेवत नाही, तो मी लिहितो. घरात शांतता झाली आहे. मनकर्णा पूर्वी पहाटे गोठ्यात, मग गवऱ्या थापायला, मग चुलीपुढे खोकत. आता गवऱ्या नाहीत, खोकला नाही, सकाळचे दोन तास मोकळे. ती फारशी बोलतही नाही. दुपारी गल्लीतल्या बायकांबरोबर जिजाबाईच्या ओसरीत बसते. कधी पार वस्तीपर्यंत जाऊन येते. विचारलं तर म्हणाली, तांदूळ निवडत होतो सगळ्या जणी.

एकच बारीक गोष्ट. तिच्या गवऱ्या शहरात महालाच्या बाजारात विकायला जायच्या. तो पैसा तिचा, माझ्या आईच्या वेळेपासूनची पद्धत, मी कधी विचारलं नाही. आता शेण टाकीत जातं. परवा तिला बहिणीकडे जायला बसचे पैसे हवे होते. मी म्हटलं, "कायले?" एवढंच. तिनं हात मागे घेतला आणि गेलीच नाही. एवढं काय लागलं कोण जाणे.

डायरी लिहून झाली की मी कोनाड्यात ठेवतो, ती वर पुन्हा बरणी ठेवते. वाचनाची तिला आवड नाही. चौथीपर्यंत शिकली आहे, पण पंचांगाशिवाय काही हातात घेतलेलं पाहिलं नाही.

२२ नोव्हेंबर

हसू आवरत नाही. भीमाबाईनं फॉर्म भरला! बायकांच्या राखीव जागेवर नाही, माझ्यासमोर, माझ्या वॉर्डात! मनोहररावानं आपला माणूस मागे घेतला. म्हणजे तो घाबरला. आता सरळ लढत, मी आणि शेणवाली. चंपतराव म्हणाला, "मतं मोजाची गरजच नाई गा."

तिच्या फॉर्मवर सूचक म्हणून कोणाची सही आहे ते पाहायचं राहिलं. निवडणुकीच्या साहेबांनी कागद पटकन मिटला.

२६ नोव्हेंबर

चिन्हं मिळाली. मला कंदील देत होते. मी नाकारला. गॅसवाल्यानं कंदील घेऊन फिरायचं? छत्री घेतली. डिसेंबरात छत्री जरा विचित्र दिसते, पण मतदारावर सावली धरण्याचा अर्थ निघतो. भीमाबाईनं यादीतून टोपली मागून घेतली. दुसरं काय मागणार?

आज सकाळी एक गोष्ट झाली. माझ्या गोठ्यात, माझ्या बैलांच्या मागे, शेणावर काड्या! चारही ठिकाणी, नीट उभ्या. गोठ्याला दार आहे, दाराला कडी आहे, दारात कुत्रा आहे. कुत्रा भुंकला नाही. मनोहररावाचा माणूस कुत्र्याला काहीतरी खाऊ घालून आत शिरत असणार. मनकर्णाला विचारलं, काही आवाज आला का? ती म्हणाली, "नाई बा." गड्याला शेण टाकीत टाक म्हटलं तर तो डोकं खाजवत उभा राहिला. "काडी हाय मालक," म्हणाला.

४ डिसेंबर

थंडी पडली. ज्योत बोटाएवढी झाली आहे. चंपतरावाच्या भावाकडे तर पोचतच नाही. त्याची बायको येऊन बोलून गेली. भैय्याजीला बोलावलं. त्यानं टाकीला कान लावला, मग हात लावला.

"थंडी में शेण को भी थंडी बजती है, भाऊसाब. गॅस आधा. और खाना भी आधा डाल रहे हो."

हे आधी का सांगितलं नाही? तर म्हणे, तुम्ही निवडणूक कधी आहे ते सांगितलं नव्हतं. त्यानं टाकीभोवती कडबा रचायला लावला. मीही दोन रात्री गरम पाणी ओतून पाहिलं. टाकी खाली बसते आहे. माझाही जीव तिच्याबरोबर खाली बसतो. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. मला भीती वाटते.

८ डिसेंबर

आज समिती स्वतः शेण वेचायला निघाली. गल्लीतल्या गोठ्यांतलं शेण येईनासं झालं आहे, सगळीकडे काड्या. म्हणून आखर. पाच जण, पाच कोऱ्या टोपल्या. चंपतरावानं मफलर नाकापर्यंत ओढला होता, वासासाठी नाही, कोणी ओळखू नये म्हणून.

आखरावर पोचलो तर प्रत्येक शेणावर काडी. एकूण एक. चंपतराव वाकला, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काडी हाय गा."

"मंग काढ."

"तू काढ. तू अध्यक्ष हायेस."

मी वाकलो. खोटं कशाला लिहू, माझाही हात गेला नाही. माझ्या आज्यानं दुसऱ्याच्या बांधावर नांगर घातला होता, काकानं देवळाची जमीन खाल्ली, पण काडीचं शेण आमच्या घरात कोणी उचललेलं नाही. पाचही जण उभे राहिलो. मग एक म्हैस आमच्या समोरच थांबली आणि तिनं शेपटी वर केली. ताजं! पाचही जण धावलो. तेवढ्यात मागून काहीतरी सूं करत आलं आणि शेणात उभं रुतलं. तुरीची काडी. वळून पाहिलं तर दहा हातांवर जिजाबाई, काठी टेकून उभी. चंपतरावाची सख्खी आई.

"आये, तू?" चंपतराव ओरडला.

"मी नाई तं कोण? माह्या तंबाखूचे पैसे यातूनच निघत होते. टाकीतून निघते का तंबाखू?"

सत्तरीच्या पुढे आहे, पण नेम चांगला आहे. कोऱ्या टोपल्या घेऊन परत आलो.

१४ डिसेंबर

मतदानाच्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांना गॅसवरचा चहा, असं मी दोन महिन्यांपासून सांगतो आहे. आता चार दिवस चावी बंद ठेवली आहे, गॅस साठावा म्हणून. दहा घरांत बोंबाबोंब. जी चावी मला निवडून आणणार होती तीच बंद करून बसावं लागलं. मनकर्णानं अंगणात जुनी चूल मांडली. मला वाटतं, तिला माझी दया येते.

१९ डिसेंबर, रविवार

मतदान झालं. टाकी सकाळी वीतभर वर होती. साखर, पाती, दूध, सगळं तयार. मी स्वतः काडी ओढली. अकरा कप होईपर्यंत चाललं, बाराव्याला ज्योत लपलपली आणि गेली. दारात पंचवीस माणसं उभी, सगळी शाळेकडे मत द्यायला निघालेली.

मनकर्णा आत गेली आणि माळ्यावरून गवऱ्या घेऊन आली. दोन टोपल्या भरून! कधी ठेवल्या होत्या कोण जाणे. चूल पेटवली. गवऱ्या दमट, अंगणभर धूर. पण तिनं सगळ्यांना चहा दिला, तोंड भरून विचारपूस केली, बायकांना आत नेऊन दिला. लोक डोळे पुसत पुसत मतदानाला गेले. इतक्या लोकांच्या डोळ्यांत पाणी पाहून मला भरून आलं. भावना आहे म्हटलं लोकांना आपल्याबद्दल.

ती स्वतः सगळ्यात शेवटी गेली, लाल काठाचं लुगडं नेसून.

२० डिसेंबर

भीमाबाई एकशे सत्तावीस. मी एक्याऐंशी. चार बाद. एकानं छत्रीवर आणि टोपलीवर दोन्हीकडे शिक्का मारला होता, तो चंपतराव असावा.

शाळेतून घरी येताना वस्तीतून गाण्याचा आवाज येत होता. चंपतराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार आहे. त्याचं सोडा, मी सगळी घरं धरून बेरीज केली. एकट्या वस्तीत एवढी मतं नाहीत. आमच्या गल्लीतून सत्तर तरी फुटलेली आहेत, आणि गल्लीत पुरुष तर सगळे माझे.

मनकर्णाला विचारलं. सरळ विचारलं, "तू कोणाले मत देल्लं?"

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"पयल्याच दिवशी म्या तुमाले इचारलं होतं, शेण कोणाचं. तुमी म्हणले, बैलाचं. बैलाचं मत भेटलं असन तुमाले."

जेवण गेलं नाही. पण तिनं वाढलेलं टाकलंही नाही.

२३ डिसेंबर

मनोहरराव पुन्हा सरपंच. नव्या पंचांच्या बैठकीत भीमाबाईनं पाठिंब्याआधी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, आखरावरच्या शेणाची दवंडी रद्द. दवंडी रद्द झाल्याची दवंडी कोतवालानं फारच आनंदानं दिली, माझ्या दारात दोनदा.

दुपारी भीमाबाई आमच्याकडे आली. मला वाटलं, टाकी बंद करायला सांगणार. मी म्हटलं, "या, बसा." बसा म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती ओसरीवर बसली. मनकर्णानं चहा आणला आणि तीही शेजारी बसली.

"टाकी बंद नाई कराची, गोपाळभाऊ," भीमाबाई म्हणाली. "धुरानं माह्या मायचे डोये गेले. गॅस वाईट हाय असं मी कधी म्हणलं? शेण आमी टाकतो, वस्तीवाल्या आन् गल्लीवाल्या, समद्या. उन्हाया येऊ द्या, फुगते कशी पाहा. पण काडी आमची राहीन. जिचं टोपलं पडलं तिच्या घरी नळी. चावी गोठ्यात नाई, पंचायतीसमोर."

"आणि मी?"

"तुमी शेणाचा काला करा. कोणीतरी ढवळाले पायजेच."

मनकर्णा पदरात हसली. मी चंपतरावाचं काय, असं म्हणालो. जिजाबाईनं त्याला सांगून टाकलं आहे म्हणे, चहा नको तर नको पिऊ, घरात पाणी आहे.

"आन् नळी," भीमाबाई उठता उठता म्हणाली, "एकशे ऐंशी फूट लागन. तुमच्याकडं चंपतरावाच्या भावाची तीनशे दहा पडून हाय. तिकडं गॅस जातच नाई."

आकडे तिला बरोबर माहीत. भैय्याजीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२६ डिसेंबर

भैय्याजी आला होता. कडबा नीट रचायला आणि चंपतरावाच्या भावाची नळी उकरायला. त्याला म्हटलं, वस्तीचे फूट तू कशाला सांगितले भीमाबाईला? तो म्हणाला, "कसम से भाऊसाब, टेप लगाया उस दिन के बाद आज आ रहा हूं बस्ती की तरफ. आप ही ने लिख लिया था, मैं तो भूल भी गया."

आज पहिल्यांदा मीच काला केला. बायकांनी तेवीस टोपल्या ओतल्या, मी पाणी घालून लाकडानं ढवळलं. कोपरापर्यंत हात भरले. मनकर्णानं पाणी ओतलं हातावर, साबण दिला. वास अजून गेला नाही, पानालाही लागला असेल.

मग लिहायला कोनाड्यातून डायरी काढली. बरणी बाजूला केली. डायरीच्या मध्ये तुरीची काडी होती. जिथे होती ते पान उघडलं. तीन नोव्हेंबर. तीनशे दहा आणि एकशे ऐंशी, शेजारी शेजारी, माझ्याच अक्षरात. आणि त्याच पानावर खाली, दाब कमी पडतो असं सांगितलं. अक्षर कुठे हललेलंही नाही.

मग सगळी डायरी पहिल्या पानापासून वाचली, मनकर्णानं जशी वाचली असेल तशी. तांत्रिक गोष्टी, शांतता, बसचे पैसे. मला लाज वाटली. हरलो त्या दिवशी राग आला होता, लाज नव्हती. आज आहे.

ती बाहेर गोठ्यात आहे, बैलांशी बोलते आहे. काडी काढून टाकावी असं एकदा मनात आलं. पण काडी ठेवलेलं उचलायचं नसतं, एवढं मला लहानपणापासून ठाऊक आहे. डायरी आता तिची झाली. तिच्या डायरीत एवढ्या ओळी मी न विचारता लिहिल्या. बाहेर जाऊन तिला सांगतो.